वॉल्ट्झच्या आरंभी मार्च कशासाठी?

प्रश्न : व्हिएन्नाचे संगीतकार योहान श्ट्राउस (धाकटे) यांची ‘कैसर वॉल्ट्झ’ (कैसर म्हणजे सम्राट) ही वाद्यवृंदरचना नुकतीच ऐकली. वॉल्ट्झ हा जोडीने करायचा नाच तीन मात्रांचा असतो, मग ही रचना लष्करी संचलनाच्या चालीने, म्हणजे मार्चने, का सुरू होते? ती नाचण्यासाठी आहे की ऐकण्यासाठी?

उत्तर : आपण नेमके बोट ठेवलेला तो आरंभीचा मार्च प्रसंगाला धरून आलेला आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीचे सम्राट फ्रान्ट्स योझेफ 1889च्या ऑगस्टमध्ये जर्मन सम्राट दुसरे विल्हेल्म यांच्या भेटीला गेले होते. त्या मैत्रीला अनुसरून श्ट्राउस यांनी रचनेला आधी ‘हातात हात’ असे नाव दिले होते. पुढे प्रकाशक झिमरॉक यांनी ‘कैसर वॉल्ट्झ’ हे नाव सुचवले, ज्यात कोणा एका सम्राटाचा उल्लेख नसल्याने दोघांचाही मान राखला गेला. 21 ऑक्टोबर 1889 रोजी, आपल्या 64व्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, श्ट्राउस यांनी बर्लिनमध्ये ती स्वतःच्या संचालनाखाली प्रथम सादर केली.

राजदरबाराची आठवण देणारा हा मार्च दणक्यात न येता दबक्या पावलांनी येतो, हे मला श्ट्राउस यांच्या प्रतिभेचे खरे लक्षण वाटते. तंतुवाद्ये अगदी हलक्या आवाजात सुरुवात करतात, हळूहळू सारा वाद्यवृंद त्यांना येऊन मिळतो आणि मग एकटा चेलो (व्हायोलिनच्याच कुळातले, खालच्या स्वरांचे मोठे वाद्य) आपल्याला संथपणे वॉल्ट्झच्या उंबरठ्यावर आणून सोडतो.

तिथून पुढे एकामागून एक चार वॉल्ट्झ येतात. पहिल्या मात्रेवर खर्जातली वाद्ये आघात देतात, उरलेल्या दोन मात्रा मधल्या सप्तकातली तंतुवाद्ये भरतात आणि त्यावर व्हायोलिनची लांब पल्ल्याची धून तरंगत राहते. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित आधी घेतात. स्वरलिपीत न लिहिलेल्या या लकबीमुळेच तिथल्या वॉल्ट्झला तो झोका मिळतो, आणि ती नसेल तर ठेका अचूक असूनही कोरडा वाटतो.

या चार भागांवर नाचता येते. आरंभ आणि समारोप मात्र, लय सतत बदलत असल्यामुळे, कान देऊन ऐकण्याचेच आहेत. त्यातही समारोप मला सर्वांत मोलाचा वाटतो. रंगलेले नृत्य तिथे हळूहळू मंदावते, चेलो आणि हॉर्न हे पितळी वाद्य पहिल्या धूनेची आठवण जागवतात, आणि त्यानंतरच सारी पितळी वाद्ये व ढोल राजेशाही थाटात शेवट करतात. काही ध्वनिमुद्रिकांत आरंभ आखडता घेतलेला असतो, त्या टाळाव्यात.

मूळ रचना मनात मुरल्यावर ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी 1925मध्ये बासरी, क्लॅरिनेट, पियानो आणि चार तंतुवाद्ये अशा सात वाद्यांसाठी केलेली मांडणीही ऐकावी. मोठ्या वाद्यवृंदात झाकले जाणारे मधले स्वर तिच्यात सुटे सुटे ऐकू येतात.