समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दे

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा रागाने ऐकला, म्हणून पुन्हा लावला. तू जिची नक्कल रीलमध्ये केलीस त्या मासळीवाल्या मावशीने तुला पाहून डोक्यावरची पाटी उतरवलीच नाही, तशीच पुढच्या घराकडे गेली, हे सांगताना तुझा आवाज बसला. मग दिग्दर्शकाने जत्रेच्या नाटकातून काढल्याचं, कामासाठी मुंबईहून आलेल्या फोनचं सांगितलंस, आणि शेवटी विचारलंस, "मास्तर, मी चुकले का?" फोनवर उत्तर दिलं असतं तर ओरडलो असतो. म्हणून लिहितोय.

तुझ्यात गुण आहे की नाही, हा विषयच नाही. आठवीत होतीस तेव्हा जत्रेच्या नाटकात तुला मोलकरणीचं दोन वाक्यांचं काम दिलं होतं. चहाचा ट्रे घेऊन आत आलीस आणि नायकाचं लांबलचक बोलणं संपेपर्यंत ट्रे धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलीस. मंडपातल्या बायका तुझ्या त्या बघण्यालाच हसल्या. त्या रात्री देवळाच्या अग्रशाळेत मेकप पुसता पुसता मी सगळ्यांना म्हटलं होतं, ही पोर विनोदी काम करील. ते थांबणं तुला कोणी शिकवलं नव्हतं. आणि आता चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये तू नेमकं तेच विसरलीस.

रील मी पाहिला. हाळी मावशीची, पदर खोचणं मावशीचं, "पाचशे म्हणजे पाचशे" म्हणताना मान उडवणं मावशीचं. सगळं हुबेहूब. पण पाचशे का, ते ती सांगते ना? शापोराच्या जेटीवर पहाटे बांगडा कितीला पडला, बर्फाला किती गेले, रिक्षावाल्याने पाटीचे वेगळे किती घेतले, हे ती प्रत्येक उंबऱ्यावर सांगते. लहानपणापासून तू ते ऐकत आलीस. तिचं वाक्य तू अर्ध्यावर कापलंस आणि उरलेल्या तुकड्यावर हशा घेतलास. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दे, हे तालमीत मी किती वेळा सांगितलं असेल? तुला वाटलं ही टायमिंगची गोष्ट आहे. टायमिंगचीही आहे. पण तेवढीच असती तर मी तिच्यासाठी चाळीस वर्षं घसा कोरडा केला नसता.

आता माझं ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

1987 साली आमच्या जत्रेत एक सामाजिक नाटक बसवलं होतं. मी घरगड्याच्या कामात. वय पंचविशीचं, गावोगाव बोलावणी, नुसता विंगेतून डोकावलो तरी मंडप हसायचा. बापाचं काम एका वयस्कर नटाकडे होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं गावात आहेत. तिसऱ्या अंकात घर सोडून निघालेल्या मुलाला बाप म्हणतो, "जा तू. पण तुझ्या आईने मागचं दार अजून लावलेलं नाही." त्यांनी "जा तू" म्हटलं, श्वास घेतला, आणि त्या श्वासात मी पदरची अ‍ॅडिशन घातली. काय बोललो ते लिहीत नाही. मंडप कोसळला. खाजेवालेसुद्धा दुकान सोडून बघायला आले. हशा ओसरेपर्यंत मुलाचं काम करणारा आत निघून गेला होता. ते तिथेच उभे होते, तोंडातलं वाक्य तोंडात ठेवून. बोलायला समोर कोणी उरलं नव्हतं.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. मेकप पुसला, धोतर बदललं, पहाटेच्या अंधारात टॉर्च घेऊन घरी गेले. पुन्हा माझ्यासमोर काम घेतलं नाही, आणि चार वर्षांनी वारले. त्यांच्या बाराव्याला गेलो तर मागचं दार उघडं होतं. योगायोग असेल. पण ते वाक्य मला आजही पाठ आहे, स्वतःचं एकही वाक्य तसं पाठ नाही. त्या हशाबद्दल मला तेव्हा आयोजकांनी शाल दिली होती. ती मी कधी अंगावर घेतली नाही.

म्हणून चिडतो मी. तू चुकलीस म्हणून चिडत नाही, माझ्याच वाटेने चुकलीस म्हणून चिडतो.

तू म्हणतेस, विनोदात कोणाला ना कोणाला लागतंच. हे तू कुठे ऐकलंस? आपल्या पेडण्याच्या बाजूला धयकाला, म्हणजे जत्रेतला दशावतार, बघत वाढलीस ना? आड दशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, गणपती येऊन जातो, ब्रह्मदेव येतो, आणि मग संकासुर. वेद चोरणारा राक्षस, काळाकुट्ट पोशाख. शेवटी विष्णूच्या हातून मरायचाच आहे, पण तोवर भटजीची फिरकी घेतो, गावाची घेतो, देवस्थानच्या कमिटीचीही घेतो, आणि ज्याची घेतली तोच सगळ्यात मोठ्याने हसतो. हे कसं होतं याचा कधी विचार केलास? माझ्या लहानपणी एक संकासुर यायचे. नाटक रात्रीचं, पण ते दुपारीच गावात हजर. चार घरी चहा घ्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "औंदा गांवांत कोण गेलो?" ज्या घरात माणूस गेलेलं असेल त्या घरावर रात्री एक शब्द नाही. कोणाची म्हैस पडली, कोणाची जमिनीची केस लागली, कोणाचा मुलगा बोटीवर गेला, सगळं पोटात ठेवूनच ते काळा डगला चढवायचे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद जाग्यावर. समोरच्याचं वाक्य नीट ऐकलं नाही तर पुढचं वाक्य येणार कुठून? पखवाज किती वेळ सांभाळून घेईल? त्या नटांचं ऐकणं गावात दुपारी सुरू व्हायचं, रंगमंचावर फक्त चालू राहायचं.

वस्त्रहरण तू पाहिलंस, गवाणकरांनी लिहिलेलं. त्यात खेड्यातली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक करतात आणि सगळा फज्जा उडतो. मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच उभा केला. 1980 साली सुरू झालेल्या त्या नाटकाचे 5,000 च्या वर प्रयोग झाले, लंडनलाही झाला. ज्या मालवणी माणसाची त्यात टर उडवली आहे, तोच माणूस बायकापोरांना घेऊन ते पुन्हा पुन्हा बघायला गेला. कारण कांबळींचा तात्या त्याचं अर्धं वाक्य उचलत नाही. भांडणाचं कारण, मानापमान, नाटकावरचा त्याचा खरा जीव, सगळं त्याला बोलू देतो. तुझ्या रीलमधल्या मावशीला जीव कुठे आहे?

आता मुंबई. जायचं की नाही, हे मला का विचारतेस? मुंबईला जाणं म्हणजे गाव सोडणं, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? गोव्याचा पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोंकणी नाटक, झाला तोच मुळी मुंबईत, 17 एप्रिल 1892 रोजी. बोटीवर, बेकरीत, बंगल्यात राबणारी गोव्याची माणसं धोबीतलावाच्या आसपास कुडींत, म्हणजे एका गावच्या माणसांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहायची. कूड गावाच्या नावाची. एकेका खोलीत माणसावर माणूस, भिंतीला गावच्या सायबाचा, म्हणजे संताचा, फोटो, संध्याकाळी एकत्र तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तियात्रातला विनोदी नट प्रेक्षकांपुढे उभा राहायचा तेव्हा त्याच्याच कुडीतला माणूस समोर बसलेला असायचा. जासिंत वाझसारखा नुसत्या अंगाने हसवणारा, एम. बॉयरसारखा लिहिणारा, गाणारा, नाटक बसवणारा आणि हसवणारा, अशी माणसं त्या परंपरेतून आली. आपल्या मराठी बाजूलाही तेच. नटसम्राट 1970 साली रंगमंचावर आणलं ते मुंबईतल्या गोव्याच्या माणसांच्या संस्थेनेच. तेव्हा तू जा. पण आपली कूड घेऊन जा. तिथे तुला कोणी म्हणेल, गोंयकाराचा तो हेल काढ आणि दारूची बाटली हातात धर, तर त्याला विचार, हा माणूस कोण, कुठल्या वाड्यावरचा, बाटलीच्या आधी काय म्हणत होता. उत्तर आलं नाही तर ते काम तुझं नव्हे.

विनोदीचा शिक्का बसेल म्हणून घाबरतेस. बसतो, वीस वर्षं बसला होता माझ्यावर. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत मला पहिलं गंभीर काम मिळालं तेव्हा मी 46 वर्षांचा होतो. कांपालचं दीनानाथ मंगेशकर कला मंदिर भरलेलं. मी आत आलो आणि लोक सवयीने हसले. माझ्या मुलीचं काम करणारी बावरली. मी तिला डोळ्याने थांबवलं, तो हशा पुरता होऊ दिला, कारण प्रेक्षकाचाही हशा म्हणजे त्याचं एक वाक्य असतं. मग तिचं वाक्य ऐकलं. खरंच ऐकलं, जणू तालमीत कधी ऐकलंच नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला सभागृह गप्प झालं होतं. विनोदी नट, गंभीर नट असं काही नसतं गं. एक ऐकणारा नट असतो आणि एक न ऐकणारा.

मला 1991 साली मुंबईच्या एका व्यावसायिक नाटकासाठी बोलावणं आलं होतं. गेलो नाही. गावात अजून म्हणतात, घाबरला. घाबरलो नव्हतो. आई अंथरुणावर होती, पोफळीच्या कुळागराला पाणी घालायला दुसरं कोणी नव्हतं, सरकारी नोकरीत रजा उरली नव्हती, आणि त्या वर्षी जत्रेचं नाटक बसवणारे बुवा आजारी पडले होते. नाटक मी बसवलं. त्या एका वर्षी खंड पडला असता तर आमच्याकडचं नाटक बंदच पडलं असतं, आजूबाजूच्या दोन गावांत पडलंच. आज अठरा पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत, तू एकोणिसावी. नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर आपलं नाव लागलेलं बघावं ही इच्छा होती, ती गेलेली नाही. पण माझा निर्णय बरोबर होता. हे मी तुला पटवून देतोय की स्वतःला, असं तू विचारशील. विचार. उत्तर तेच मिळेल.

तर आता काय करायचं ते ऐक. रील काढून टाक, आणि काढलास हे कुणाला सांगत बसू नकोस. कॅमेऱ्यासमोर माफी मागशील तर माझ्याकडे येऊ नकोस. उद्या सकाळी फोन घरी ठेव. वडाखाली मावशी पाटी उतरवते तिथे जा आणि बस. ती बोलणार नाही. बस. गिऱ्हाइकाला बांगडे मोजून द्यायला हात लाव. कधीतरी ती तोंड सोडील, तुझ्या आईचा, आजीचा उद्धार करील. तेव्हा "मावशी, पण माझा तसा हेतू नव्हता" हे वाक्य तुझ्या जिभेवर येईल. गीळ ते. तिचं पुरं होऊ दे. अर्धा तास लागला तरी होऊ दे.

दिग्दर्शकाने तुला काढलं ते मला पटलेलं नाही, मी त्याच्याशी बोललोय. शेजारणीचं काम अजून कोणाला दिलेलं नाही. मुंबईची तारीख जत्रेनंतरची आहे, तेव्हा ती सबब चालणार नाही. मंगळवारी रात्री साडेआठला अग्रशाळेत पहिलं वाचन आहे. दुसऱ्या अंकात शेजारीण पाच पानं रंगमंचावर बसून असते आणि तिला एकही वाक्य नाही. ती पाच पानं वाचून ये.

तुझा,
मास्तर