घरच्या सर्व्हरची सुरुवात करताना

फोटो आणि फायली ठेवायला घरी स्वतःचा सर्व्हर (घरातल्या इतर उपकरणांना फायली पुरवणारा संगणक) उभारायचा असेल, तर नवं महागडं यंत्र लगेच घेऊ नका. घरात पडून असलेला जुना संगणक किंवा लॅपटॉप शिकायला पुरेसा आहे. डिस्क मात्र चांगली घ्या आणि राउटरला केबलनेच जोडा; वायफायवर मोठ्या फायली हलवताना जीव मेटाकुटीला येतो.

सर्वांत महत्त्वाचं: रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे. रेडमध्ये दोन डिस्कवर तोच डेटा ठेवला की एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहतं, एवढंच. चुकून फोल्डर पुसलात, तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो. रॅन्समवेअरचंही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामचंही) तसंच. म्हणून ३-२-१ चा नियम पाळा: ३ प्रती, २ वेगळ्या माध्यमांवर, १ घराबाहेर. आणि बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणून बघा. हे बहुतेक जण करतच नाहीत.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- बाहेरून वापरता यावं म्हणून राउटरवर प्रत्येक सेवेचा पोर्ट (बाहेरून आत येण्याचं दार) थेट इंटरनेटला उघडणं. त्याऐवजी वायरगार्डसारखं व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित, खाजगी मार्ग) वापरा.
- पहिल्याच आठवड्यात दहा सेवा (सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम) चढवणं. आधी फक्त फाइल शेअरिंग, तेही साम्बावर (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारं सॉफ्टवेअर).
- यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवठा चालू ठेवणारं बॅटरीचं यंत्र) न घेणं.

झेडएफएस (डिस्कवर डेटा साठवण्याची प्रगत पद्धत), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं) वगैरे सध्या बाजूला ठेवा. फोटो सुरक्षित झाले की पुढचं विचारा, नक्की सांगेन.