तीन वर्षांच्या मुलासाठी हळू चालणारी, टिकाऊ रिमोटची गाडी कोणती घ्यावी?

खोक्यावर 'हाय स्पीड' लिहिलेली गाडी सरळ बाजूला ठेवा. या वयात गाडी मुलाच्या चालीने चालली तरच त्याला ती वळवता येते. नाहीतर ती पहिल्याच मिनिटात सोफ्याखाली जाते आणि पोर रडत बसतं.

सगळ्यात आधी रिमोट बघा. दोनच मोठी बटणं पुरेत: एक पुढे जायचं, एक वळायचं. काही स्वस्त गाड्या फक्त मागे जातानाच वळतात, ते लहान मुलाला अजिबात उमगत नाही. म्हणून दुकानात सेल घालून चालवून बघा, लाजू नका. अँटेना बाहेर आलेली नको, ती आधी मोडते. बॉडी जाड आणि गोलसर हवी, पुढे रबरी बंपर असेल तर उत्तमच. टपावर अंगठ्याने दाबून बघा. प्लास्टिक आत दबलं तर ते पडझडीत टिकणार नाही.

सेलचं झाकण मात्र गाडीला आणि रिमोटला, दोन्हीकडे स्क्रूचं हवं. बटणासारखे चपटे सेल असलेला रिमोट नकोच. तसा सेल गिळला गेला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. पेन्सिल सेलवाला घ्या. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, तेही तपासा.

घरात दोन मुलं असतील आणि दोन गाड्या घेणार असाल तर २.४ गिगाहर्ट्झच्या घ्या (हा आकडा म्हणजे रिमोटच्या रेडिओ लहरींची वारंवारता). जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या दोन गाड्या एकाच रिमोटवर पळायला लागतात आणि भांडणं सुरू होतात.