2019-20 च्या हंगामात कायझर चीफ्सचं विजेतेपद शेवटच्या दिवशी नेमकं कशामुळे हुकलं?

तुम्ही विचारलंय, जवळजवळ अख्खा हंगाम पहिल्या क्रमांकावर असलेला दक्षिण आफ्रिकेतला हा फुटबॉल संघ शेवटच्या सामन्यात लीग कशी काय हरतो. त्या काळात मी कामानिमित्त मिडरँडला राहत होतो. चीफ्सचं जोहान्सबर्ग आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मामेलोडी सनडाउन्स यांचं प्रिटोरिया, यांच्या बरोबर मधलं हे गाव. त्यामुळे आमच्या सोसायटीत निम्मे चीफ्सवाले, निम्मे सनडाउन्सवाले. गेटवरचे सुरक्षारक्षक काका कट्टर चीफ्स. येता-जाता दोन बोटं वर करून सलाम करायचे, ती चीफ्सच्या चाहत्यांची खूण.

माझं उत्तर आधीच सांगतो: लीग शेवटच्या दिवशी गेलीच नाही. त्या दिवशी फक्त पंचनामा झाला.

थोडं मागे जावं लागेल. 2018-19 मध्ये चीफ्स सोळा संघांत नववे आले होते. त्यावर कळस म्हणजे मे 2019 मध्ये नेडबँक कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टीएस गॅलक्सी या दुसऱ्या श्रेणीतल्या संघाकडून 1-0 असे हरले. देशातल्या सर्वांत लोकप्रिय संघाची ही गत. शेवटची लीग जिंकली होती 2015 मध्ये. आणि जानेवारी 2020 मध्ये क्लबला 50 वर्षं पूर्ण होणार होती. कायझर मोटाउंग अमेरिकेत अटलांटा चीफ्सकडून खेळून सोवेटो या जोहान्सबर्गच्या कृष्णवर्णीय वस्तीत परतले आणि 1970 मध्ये त्यांनी स्वतःचा संघ काढला. स्वतःचं नाव आणि जुन्या संघाचं नाव जोडून झालं कायझर चीफ्स. सुवर्णमहोत्सव आणि संघाच्या जर्सीचा रंगही सोनेरी-काळा, म्हणजे योग असा जुळून आलेला की काका ऑगस्टपासूनच 'यंदा आमचंच' म्हणत होते.

आणि खरंच तसं घडत गेलं. जर्मन प्रशिक्षक अर्न्स्ट मिडेनडॉर्प यांचा खेळ साधा होता: चेंडू लवकर पुढे टाका, बाजूने क्रॉस द्या, कॉर्नर-फ्रीकिकवर गोल काढा. पुढे सर्बियाचा उंच समीर नुर्कोविच. नाजूक पासिंगवर पोसलेल्या सोवेटोतल्या जाणकारांनी नाकं मुरडली, पण गुण जमत गेले. नोव्हेंबरमध्ये ऑर्लँडो पायरेट्सविरुद्धची सोवेटो डर्बी, म्हणजे शेजाऱ्यांमधली झुंज, 3-2, फेब्रुवारीतली 1-0, दोन्ही चीफ्सच्या खिशात.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. आदल्या वर्षीच्या नवव्या क्रमांकामुळे चीफ्सना आफ्रिकेतल्या स्पर्धांत जागाच नव्हती. बहुतेक आठवड्यांत एकच सामना, मग विश्रांती. सनडाउन्स मात्र आफ्रिकन चॅम्पियन्स लीगसाठी खंडभर विमानं पकडत होते आणि त्यांचे लीगचे सामने मागे पडत होते. म्हणजे गुणतक्त्यात दिसणारी चीफ्सची मोठी आघाडी काही प्रमाणात उधारीची होती. आमच्या काकांना हे मी एकदा बोलून दाखवलं, तर दोन दिवस गेट उघडताना बोटं वर झाली नाहीत.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे लीग थांबली तेव्हा चीफ्स 22 सामन्यांत 48 गुण, सनडाउन्स 21 सामन्यांत 44. म्हणजे आघाडी तोवर चार गुणांवर आली होती. त्याच सुमारास सनडाउन्स चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत कैरोच्या अल अहलीकडून बाहेर पडले होते. त्यांच्यासाठी एक ओझं उतरलंच.

मग जवळजवळ पाच महिने शुकशुकाट. दारूविक्री बंद, सिगारेट बंद. ऑगस्टमध्ये लीग परत सुरू झाली ती सगळे सामने जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या गाउटेंग प्रांतातच, जैवसुरक्षित कवचात, प्रेक्षकांविना. हिवाळा आणि त्यात भारनियमन. (हो, तिथेही भारनियमन. आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.) सामना सुरू असताना वीज गेली की सोसायटीतून एकच ओरड उठायची, त्यात मात्र दोन्ही पक्ष एक असायचे.

माझ्या मते घोड्याने पेंड खाल्ली ती इथे. एक तर रिकामी स्टेडियम. चीफ्स देशात कुठेही खेळले तरी अर्ध्याहून जास्त मैदान सोनेरी असायचं, त्यामुळे बाहेरचा सामनाही घरचाच व्हायचा. तो आधार एका फटक्यात गेला. दुसरं, आठवड्याला एक सामना खेळून जमलेल्या संघाला आता साडेतीन आठवड्यांत आठ सामने खेळायचे होते. सनडाउन्सचे मालक पॅट्रिस मोत्सेपे खाणउद्योगातले अब्जाधीश, राखीव बाकावरही पहिल्या संघात शोभतील असे खेळाडू. दर तीन दिवसांनी खेळायची त्यांना सवयच होती.

पण सनडाउन्सही काही फार चमकले नाहीत, आणि हीच गोष्ट चीफ्सच्या चाहत्यांना सर्वांत जास्त टोचते. परतल्यावर सनडाउन्सनी 9 सामन्यांत 15 गुण मिळवले. बरे, पण तुफान नव्हेत. चीफ्सनी 8 सामन्यांत 9. समोरचा दार उघडं ठेवून उभा होता आणि यांना उंबरा ओलांडता येईना. एरवी सहज खिशात घातले असते ते दोन-तीन सामने जरी जिंकले असते तरी शेवटच्या दिवसाची गरजच पडली नसती.

5 सप्टेंबर 2020. दोन्ही संघ 56 गुणांवर, गोलफरकात चीफ्स पुढे. चीफ्सचा सामना बरोका या संघाशी, जे खालच्या श्रेणीत घसरू नये म्हणून झगडत होते. सनडाउन्ससमोर ब्लॅक लेपर्ड्स, तेही तळातलेच. मध्यंतरापर्यंत चीफ्स 1-0 ने पुढे होते. दुसऱ्या सत्रात बरोकाच्या मोझांबिकी मॅन्युएल कांबालाने बरोबरी केली. तिकडे सनडाउन्स 3-0. संपलं. 59 विरुद्ध 57. त्या एका गुणाने बरोका लीगमध्ये टिकले, म्हणून त्यांना दोष द्यायला काका तयार नव्हते. 'त्यांनाही पोटं आहेत,' एवढंच म्हणाले. चारच दिवसांत मिडेनडॉर्प यांची हकालपट्टी झाली.

त्या हंगामाची आणखी एक किंमत कमी लोकांना आठवते. 1921 मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आणि 2017 चा विजेता बिडवेस्ट विट्स हा क्लब विकला गेला आणि नावानिशी संपला. हायलँड्स पार्क हा क्लबही विकला गेला. त्यांचा पीटर शालुलिले पायरेट्सच्या गाबादिन्हो म्हांगोबरोबर 16 गोल करून संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. तो पुढे कुठे गेला? सनडाउन्समध्येच. गरिबाघरचा दागिना शेवटी सावकाराकडे, तसं.

सनडाउन्सचे प्रशिक्षक पित्सो मोसिमाने यांनी त्या वर्षी लीगसोबत टेलकम नॉकआउट आणि नेडबँक कपही जिंकला आणि महिनाअखेर ते अल अहलीला गेले. इकडे चीफ्सना दुसऱ्या क्रमांकामुळे आफ्रिकन चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं. पुढच्या हंगामात देशांतर्गत लीगमध्ये रडतखडत आठवे आले, पण तिथे मात्र थेट अंतिम फेरीत! 17 जुलै 2021, कासाब्लांका. समोर अल अहली आणि त्यांच्या बाकावर प्रशिक्षक मोसिमाने. 3-0 ने चीफ्स हरले.

मी तोवर सामान बांधून पुण्याला परतलो होतो. काकांना व्हॉट्सॲपवर 'पाहिलंत का?' असं विचारलं. उत्तरात फक्त दोन बोटांचं चित्र आलं.