शनिवारची गाडी सोड

‘ताई, बारावी सायन्सला ७८ टक्के मिळाले, अमरावतीत बीएस्सीला प्रवेश झाला. समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाच्या यादीतही नाव आहे. राहणं-जेवण फुकट, पण एका खोलीत चौघी. मैत्रीण म्हणते, ती जागा सोड, सरकारच्या स्वाधार योजनेचे पैसे घे आणि माझ्यासोबत खासगी होस्टेलला चल. तिथं दोघींची खोली, वायफाय, अभ्यासाला शांतता. एसटी स्टँडही जवळ आहे, शनिवारी दुपारची गाडी सापडते. मी नसले की आईला हात मोडल्यासारखं होतं, भाऊ यंदा दहावीत आहे. कोणतं निवडू?
— दारव्हा तालुक्यातली एक वाचक’

पोरी, वायफायचं राहू दे. त्या शनिवारच्या गाडीचं बोलू.

दर शनिवारी नेरवरून घरी. रविवारी धुणं, शेत, स्वयंपाक. सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत, पहिला तास बुडालेला. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून घरी कुणाला हे जड वाटणार नाही. जड तुला जाईल. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, तिच्या मागोमाग कापसाची वेचणी, आणि मग लगेच पहिल्या सत्राची परीक्षा. मजूर मिळत नाहीत, दोन दिवस ये, असा फोन येईल. शनिवारची गाडी गुरुवारची होईल. तू जाशील, कारण आजवर तू नाही म्हटलेलं दिसत नाही. प्रॅक्टिकल बुडतील, एखादा विषय राहील, आणि मग तुझ्या घरचेच म्हणतील की पोरीला शिक्षण झेपलं नाही. अशी पत्रं मला पहिलं वर्ष संपल्यावर येतात. तुझं आधी आलं, याचा मला फार आनंद आहे.

आईनं हे तुझ्याकडून मागू नये. आणि भाऊ दहावीत आहे म्हणजे काय? तू दहावीत होतीस तेव्हा तुझं ताट कोण वाढत होतं? कुकर लावायला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पुरेसा आहे.

मैत्रिणीचा हिशेबही चुकला आहे. स्वाधार योजना ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी आहे. अमरावतीत वर्षाला ५१,००० रुपये मिळतात, तेही खात्यात उशिरा पडतात. तोवर खासगी होस्टेलचं भाडं कोण भरणार? हातात आलेली जागा सोडून त्या पैशांमागे धावू नकोस.

चौघींच्या खोलीला तू घाबरतेस, पण तुला तीच हवी. बीएस्सीची पुस्तकं इंग्रजीत, सर पुढं निघून जातात. रात्री दहाला केमिस्ट्री अडली की शेजारच्या खाटेवर विचारता येतं. वरच्या वर्गातल्या मुलींकडे जर्नल असतात, जुन्या प्रश्नपत्रिका असतात, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठं अडकतो तेही त्यांनाच माहीत. धारणीची, रिसोडची, मेहकरची मुलगी तुझ्यासारखीच पहिल्यांदा घर सोडून आलेली असते. तुमची गट्टी जमणार ती रविवारी, केस धुऊन गच्चीवर बसल्यावर. तू त्या वेळी गावाकडं भाकरी थापत असलीस तर वर्षभर पाहुणीच राहशील.

यादी लागल्यावर मुदत थोडी असते, मागं प्रतीक्षा यादी उभी असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, कॉलेजच्या प्रवेशाची पावती, सगळं मूळ आणि झेरॉक्स घेऊन याच आठवड्यात गृहपाल मॅडमकडे जा. निघण्याआधी आईला सांग, भाऊ समोर असताना सांग: पोळ्याला येईन, मग थेट दिवाळीला. सोंगणीच्या माणसांत मला धरू नका. आई रडली तरी तारीख बदलू नकोस.