आरसा प्रतिमा की प्रतीक?

प्रश्न असा आहे: स्वतःची ओळख हरवलेल्या माणसाच्या कादंबरीत आरसा, चष्मा, किल्ली या वस्तू सारख्या येत राहतात. त्यांना प्रतिमा म्हणायचं की प्रतीक? समीक्षेत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी बसवले जातात, त्यामुळे गोंधळ होणारच.

'प्रतिमा'त 'मा' हा धातू आहे, म्हणजे मोजणं. मूळ वस्तूच्या मापाने घडवलेली दुसरी, ती प्रतिमा. आरशाची गार काच, तिच्यावर धरलेली वाफ वाचताना जाणवली की प्रतिमेचं काम झालं. त्यापलीकडे तिने काही सुचवलंच पाहिजे असं नाही.

'प्रतीक' जास्त गमतीचा. वैदिक संस्कृतात त्याचा अर्थ चेहरा, दर्शनी भाग. अमरकोशात तो 'अवयवा'चा पर्याय म्हणून येतो. अख्ख्या ऋचेऐवजी तिचे नुसते सुरुवातीचे शब्द देतात, त्यांनाही प्रतीकच म्हणतात. थोडं दाखवायचं, उरलेलं समोरच्याने ओळखायचं. तोच आरसा चौथ्यांदा येतो आणि नायक या वेळी त्यात बघायचं टाळतो, तिथे प्रतिमेचं प्रतीक होऊ लागतं. पहिल्याच भेटीत सहसा होत नाही.

मात्र अशा कादंबरीत तिसरा शब्दही जवळ ठेवावा: अभिज्ञान, ओळखीची खूण. कालिदासाच्या नाटकात अंगठी पाहून दुष्यंताला शकुंतला आठवते. ही खूण पात्राला पटते. प्रतीक वाचकाला उमगतं, पात्राला त्याचा पत्ताही नसतो. ('सिम्बॉल'चं मूळ असलेला ग्रीक शब्द 'सुम्बोलोन' मुळात खुणेचाच: एका वस्तूचे दोन तुकडे दोघांनी ठेवायचे, ते जुळले की माणूस खरा.)

चष्म्याबद्दल मी जरा साशंक आहे. 'पूर्वग्रहाचा चष्मा' बोलण्यात इतका घासून गेलाय की लेखकाने नवं काही केलं नाही, तर तो नुसता रूढ संकेत उरतो. आरशाला निदान 'आदर्श' या शब्दाचा वारसा आहे: संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, आणि 'आरसा' त्याच शब्दापासून आलेला.

किल्लीचं उत्तर कुलपावर अवलंबून आहे. घर सापडलं, दार उघडलं आणि नायकाला पटलं की हे आपलंच, तर ती खूण. शेवटपर्यंत तिचं कुलूपच भेटलं नाही आणि तरी तो ती खिशात बाळगत राहिला, तर मी बिनदिक्कत प्रतीक म्हणेन.