बोर्जा, बोर्हा आणि ढालीवरचा लाल बैल

प्रश्न : माझी मुलगी ऐरोलीतील एका कंपनीत नोकरी करते. तिच्या विभागात स्पेनमधील व्हॅलेन्सियाहून काही महिन्यांसाठी आलेला एक सहकारी आपले आडनाव ‘बोर्हा’ असे उच्चारतो. त्याची आजी मात्र ‘बोर्जा’ म्हणते, असे त्याने सांगितले. परत जाताना त्याने आम्हाला एक कीचेन दिली. तिच्यावर सोनेरी ढालीत लाल बैल आहे. इतिहासात वाचलेले इटलीतील बोर्जिया ते हेच का? आणि हा बैल त्या आडनावाच्या प्रत्येक माणसाचा असतो का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आडनाव तेच आहे, आणि त्याची घडण आपल्याकडील ‘कर’ लागणाऱ्या आडनावांसारखी आहे. बोर्जा हे स्पेनच्या आरागॉन भागात, सारागोसा प्रांतातील एक लहान गाव. (२०१२ साली याच गावाजवळच्या प्रार्थनास्थळातील ख्रिस्ताचे भित्तिचित्र एका वृद्ध बाईंनी दुरुस्त करायला घेतले आणि करायला गेले गणपती नि झाला मारुती, ही बातमी अनेकांना आठवत असेल.) गावाच्या नावाचा संबंध अरबी ‘बुर्ज’शी, म्हणजे आपल्या ‘बुरूज’शी जोडला जातो. परंतु गाव अरबांच्या आगमनाहून कितीतरी जुने असून प्राचीन नाण्यांवर त्याचे नाव ‘बुर्साउ’ असे आढळते. त्यामुळे जुनेच नाव अरबी तोंडी बसता बसता बुरुजाच्या वळणावर गेले असावे, असे मला वाटते.

गावात राहणाऱ्याला गावाचे नाव कोणी लावत नाही. ठाण्यात सगळेच ठाण्याचे. ‘ठाणेकर’ हे नाव चिकटते ते माणूस पुण्याला किंवा नागपूरला जाऊन राहिल्यावर. येथेही तसेच झाले. तेराव्या शतकात आरागॉनचा राजा जाउमे पहिला याने व्हॅलेन्सियाचा मुलूख मुसलमान राज्यकर्त्यांकडून जिंकला, १२४४ साली शातिवा हे नगर त्याच्या ताब्यात आले, आणि उत्तरेकडून तेथे जाऊन वसलेल्या कुटुंबांमध्ये बोर्जाहून आलेलेही होते. त्याच परिसरात १३७८ साली जन्मलेला अल्फोन्सो दे बोर्जा १४५५ मध्ये तिसरा कॅलिक्स्टस या नावाने पोप झाला. त्याच्या बहिणीचा मुलगा रॉड्रिगो १४९२ मध्ये सहावा अलेक्झांडर म्हणून त्याच गादीवर आला.

मामा-भाचे रोमला गेले आणि आडनावाचे लेखन बदलले. व्हॅलेन्सियाच्या भाषेत ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘ज’ होतो. इटालियन वाचक मात्र ते अक्षर ‘य’सारखे वाचणार आणि बोर्जाचे बोर्या करणार. म्हणून तेथे ‘जे’ऐवजी ‘जी’ आणि ‘आय’ ही अक्षरे आली. त्यातला ‘आय’ केवळ ‘ज’ हा ध्वनी दाखवण्यापुरता आहे, म्हणजे इटालियन उच्चारही ‘बोर्जा’च, ‘बोर्जिया’ हे आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आले. उलट स्पेनमध्ये लेखन तसेच राहिले आणि पुढे कॅस्टिलियन, म्हणजे आपण स्पॅनिश म्हणतो त्या भाषेत त्या अक्षराचा उच्चारच घशातल्या ‘ह’कडे सरकला. तुमच्या पाहुण्याच्या आजीच्या तोंडी जुना उच्चार टिकला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता बैल. या घराण्याच्या ढालचिन्हात सोनेरी पृष्ठभागावर, हिरव्या जमिनीवर लाल बैल असतो आणि भोवतालच्या किनारीवर बहुधा आठ ज्वाला. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात मी सहाच मोजल्या. खालच्या टोकाशी कडीसाठी भोक पाडताना कारागिराने दोन गाळल्या असाव्यात. सोने-चांदी या ‘धातूं’वर गडद रंग यावा, रंगावर रंग येऊ नये, हा युरोपीय ढालचिन्हांचा जुना दंडक आहे, कारण ढाल दुरून ओळखता यायला हवी. सोन्यावरचा लाल बैल तो चोख पाळतो. पोप अलेक्झांडरच्या ढालीचे दोन उभे भाग आहेत : एकात हा बैल, दुसऱ्यात दोम्स घराण्याचे मानले जाणारे सोनेरी-काळे आडवे पट्टे. व्हॅटिकनमधील त्याच्या दालनांची चित्रे पिंतुरिक्क्यो या चित्रकाराने १४९२ ते १४९४ या काळात रंगवली. तेथे छतावर इजिप्तच्या एपिस या पवित्र बैलाची कथा चितारलेली दिसते. यजमानाच्या बैलाला थेट देवत्वापर्यंत नेण्याची ही युक्ती मला फार चतुर वाटते.

मात्र ढालचिन्ह आडनावाचे नसते, ते एका विशिष्ट वंशशाखेचे असते. आपल्याकडे देवकही केवळ आडनावावरून सांगता येत नाही. ते घरातल्या जाणत्यांनाच विचारावे लागते. बोर्जा गावातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या कुटुंबांना हेच आडनाव मिळू शकते. शिवाय याच घराण्यातील, अलेक्झांडरचा पणतू आणि व्हॅलेन्सिया भागातील गांदियाचा चौथा ड्यूक फ्रान्सिस्को दे बोर्जा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात गेला, १५६५ ते १५७२ या काळात त्या संघाचा प्रमुख होता आणि पुढे संतपदाला पोहोचला. त्याच्या नावावरून स्पेनमध्ये मुलांचे पाळण्यातले नावही ‘बोर्हा’ ठेवतात. इटलीत तर १९४८ च्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्यांची मान्यताच काढून घेतली.

तेव्हा तुमच्या मुलीच्या सहकाऱ्याला बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून पिढ्या मागे नेत गांदियाच्या ड्यूकांपर्यंत पोहोचता आले, तर बैल त्याचा. नाहीतर ती कीचेन म्हणजे पंढरपूरहून आणलेल्या विठोबाच्या तसबिरीसारखी, प्रेमाने दिलेली आठवण आहे. किल्ल्या तिला खुशाल लावा.